मोटारीला वय विचारावे!

आमच्या स्वयंपाकघरात आमटीची एक स्टीलची वाटी आहे. तिच्या बुडावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत कोरलेले आहे : 'सौ. आत्याकडून सप्रेम, दि. १४-५-७८'. ह्या वाटीने आजवर कोणाचा जीव वाचवलेला नाही. फार तर ताटातल्या भातापासून आमटी वाचवली असेल. तरीसुद्धा तिचे साल, महिना, तारीख आणि आमच्या आत्याचे औदार्य ह्या चारही गोष्टी चष्मा लावून कोणालाही वाचता येतात. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. खोकल्याच्या औषधावर दोन असतात, एक जन्माची आणि एक मरणाची. गॅसच्या सिलिंडरच्या गळ्याशी एक अक्षर आणि साल रंगवलेले असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. तोवर त्याची पुढली तपासणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ.

आणि ज्या यंत्राच्या भरवशावर माणूस पुराच्या पाण्यात पाय उचलून बसतो, त्या होडीच्या मोटारीचे साल काय? तर ते विचारायचे नाही! विचारलेच तर कळायचे नाही, आणि कळलेच तर ते खरे असेलच असे नाही. माझे भांडण आहे ते ह्या गोष्टीशी.

आता तुम्ही म्हणाल, वांगणीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थाचा होडीशी संबंध काय? वांगणी म्हणजे बदलापूरच्या पुढचे आणि शेलूच्या अलीकडचे स्टेशन. समुद्र इथून लांब. इथे रोपवाटिका आहेत, कर्जत लोकलची वाट पाहणारी माणसे आहेत, आणि अंधार आहे. अंधार हा आमचा अभिमानाचा विषय. खगोल मंडळाची मंडळी रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी इथे येत आली आहेत ती त्या अंधारासाठीच. मीही एकदा सतरंजीवर पडून त्यांचे ऐकले आहे. अमुक ताऱ्याचे वय इतके, तमुक ताऱ्याचा प्रकाश निघाला तेव्हा शिवाजी महाराज लहान होते, असे ते बोट वर करून बिनदिक्कत सांगतात. तेव्हा ज्या गावात आकाशातल्या ताऱ्याचे वय निघते, त्या गावात पत्र्याच्या शेडखाली पडलेल्या मोटारीचे वय का निघू नये, हा प्रश्न मला पुढे पडला. पण ते नंतर.

आमच्याकडे समुद्र नाही, पण उल्हास नदी आहे. आणि ती समुद्र होऊन दाखवते. २००५ च्या जुलैत तिने ते दाखवले होते. मग २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत. सुमारे एक हजार पन्नास माणसे गाडीत. एनडीआरएफच्या रबरी होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, वर हेलिकॉप्टरे घिरट्या घालू लागली, आसपासचे गावकरी धावले आणि २७ तारखेच्या दुपारपर्यंत सगळी माणसे सुखरूप बाहेर आली. त्यांत नऊ गरोदर बायका होत्या. वांगणीचे नाव त्या दिवशी सगळ्या देशाने ऐकले. कर्जत लोकलच्या उद्‌घोषणेतही ते इतके स्पष्ट कधी ऐकू आले नव्हते.

त्याच सकाळी आमच्या सोसायटीत, म्हणजे ज्याकडे कॅमेरा वळला नाही अशा एका सखल कोपऱ्यात, तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. शेजारच्या भाऊंच्या आईंना, वय वर्षे त्र्याऐंशी, जिन्यावरून खाली उतरवून एका होडीत बसवले. होडी कोणीतरी कुठूनशी आणलेली. मागे मोटार लटकवलेली. चालवणाऱ्या पोराने दोरी ओढली. पहिल्या झटक्याला मोटार खोकली. दुसऱ्या झटक्याला गप्प. होडी आपली हळूहळू फाटकाकडे, म्हणजे जिथे ओढ होती तिकडे, सरकू लागली. आजींनी माझ्याकडे पाहिले. तिसऱ्या झटक्याला मोटार पेटली.

आजींना सोडून पोरगा परत आला तेव्हा मी त्याला विचारले, "किती जुनी आहे रे ही?"

"जुनी हाय, पन चालते."

"पण किती जुनी?"

"त्ये कुनाला माहीत?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या झटक्यांच्या मध्ये किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिले नाही. पण ते 'कुनाला माहीत' माझ्या डोक्यात बसले ते बसलेच.

पाणी ओसरल्यावर मराठी माणूस जे करतो ते आम्ही केले. समिती नेमली. समितीने ठरवले की सोसायटीची स्वतःची होडी असावी. नव्या होडीचा भाव ऐकून समितीला पुन्हा पूर आल्यासारखे वाटले, म्हणून जुनी घ्यायचे ठरले. दिवाळीनंतर आम्ही तिघे मुंबईला दारूखान्यात गेलो. नावावरून गैरसमज नको. तिथे जुन्या जहाजांचे भंगार मिळते. तिथे एका विक्रेत्याकडे फायबरची एक होडी आणि तिला साजेशी मोटार पाहिली. विक्रेत्याचे नाव सांगत नाही. तो गोड बोलत होता, आणि गोड बोलणारा माणूस एकच नसतो.

"कुठल्या सालची?" मी विचारले.

"दोन हजार चार, साहेब. दोन्ही. जोडीच आहे. जुळ्या म्हणा ना!"

"कशावरून?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे मुलगी पाहायला जाऊन मी तिचे दात मोजायला मागितले होते. "साहेब, रंग बघा ना!"

रंग खरोखरच छान होता. बोटाला थोडा लागलाही.

होडी टेंपोत बसून वांगणीला आली. नारळ फुटला. नदीचे पाणी तेव्हा शहाण्यासारखे वाहत होते. मोटार लावली, दुसऱ्या झटक्याला सुरू झाली, टाळ्या झाल्या, आणि पाचव्या मिनिटाला ती तापून बंद पडली. ह्या मोटारीला थंड ठेवायला नदीचेच पाणी लागते. खालच्या बाजूला पंप असतो, त्यात रबराच्या पाकळ्यांची एक चक्री असते, ती पाणी वर ओढते आणि मागच्या एका भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत राहते. ती धार दिसली की समजायचे, सगळे ठीक आहे. आमच्या मोटारीला धार नव्हती. चक्री वाळून कडक झाली होती. रबराचे हे असेच असते, वापरा नाहीतर ठेवून द्या, ते वयाने मरते.

आम्ही २००४ सालच्या मॉडेलची चक्री मागवली. पंधरा दिवसांनी आली. बसेना. पुन्हा मागवली. पुन्हा बसेना. आता हीच गंमत जुलै महिन्यात, पाणी छातीला लागलेले असताना, भाऊंच्या आईंना होडीत बसवून झाली असती तर? त्यासाठी तरी साल माहीत हवे. सुटा भाग सालाप्रमाणे मिळतो. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे तेही साल आणि मॉडेल पाहून ठरते. जुन्या दोन-स्ट्रोक मोटारींना चोवीस भागांना एक भाग ऑइल लागायचे, नंतरच्या अनेकींना पन्नासांना एक पुरते. जुनीला नवीचे प्रमाण दिले तर ती आतून कोरडी पडून जाम होते. वय न विचारता डोस देणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का?

शेवटी एका कोळीवाड्यातून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणले. त्यांनी प्रथम मोटार पाहिलीच नाही. तिच्या खोबणीजवळचा पत्रा पाहिला. म्हणजे पत्र्याची जागा पाहिली. तिथे दोन रिबिटांची भोके होती आणि पत्रा नव्हता.

"पाटी उपटलीय," मिस्त्री म्हणाले, "म्हणजे वय लपवलंय. साल चांगलं असतं तर पाटी पुसून दाखवली असती."

मग त्यांनी वरचे झाकण काढले आणि इंजिनाच्या ठोकळ्यावर ठोकून बसवलेली रुपयाएवढी एक चकती चिंधीने पुसली. "पाटी उपटतात, पण हिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही." चकतीवर अक्षरे आणि आकडे होते. मिस्त्रींनी शेवटचे अक्षर अंगठ्याने झाकले. त्याच्या आधीची दोन अक्षरे होती सी आणि ई.

"एकोणनव्वद," मिस्त्री म्हणाले.

"सी-ई म्हणजे एकोणनव्वद कसे?"

आणि मग मला ती विद्या कळली. इव्हिनरूड आणि जॉन्सन ह्या एकाच घरातल्या दोन अमेरिकन नावांनी १९८० पासून मोटारीचे साल एका इंग्रजी शब्दात दडवले. शब्द 'इंट्रोड्यूसेस', म्हणजे 'ओळख करून देतो'. त्यात दहा वेगवेगळी अक्षरे आहेत. आय म्हणजे एक, एन म्हणजे दोन, मग टी, आर, ओ, डी, यू, सी, ई अशी नऊपर्यंत, आणि शेवटचा एस म्हणजे शून्य. सी आठ, ई नऊ. झाले एकोणनव्वद! ओळख करून देण्याचा शब्द, आणि किल्ली नसेल तर ओळख म्हणून लागायची नाही. आमची मोटार २००४ ची तरुणी नव्हती, पंधरा वर्षांनी थोरली होती.

हे ऐकून मला आमच्या आजोबांचे कापडाचे दुकान आठवले. ठाणाच्या कोपऱ्यावर ते खरेदीची किंमत अशीच दहा अक्षरांच्या एका शब्दातून लिहीत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत लिहिलेली, आणि गिऱ्हाइकाला न कळणारी. आपल्या पूर्वजांनीही अक्षरांत आकडे लपवले आहेत. कटपयादी म्हणून पद्धतच आहे. पण ती श्लोकात संख्या बसावी म्हणून. श्लोक बुडाला तर कोणी बुडत नाही.

आणि हे एकाच घराण्याचे नाही हो! यामाहाच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींवर १९८४ ला एन हे अक्षर, १९८५ ला के, मग जे, एच, जी, एफ असे मागे मागे येत १९९० ला डी. आणि १९९१ ला एकदम उडी मारून पी! बाराखडी अशी म्हणणाऱ्या पोराला आमच्या मास्तरांनी बाकावर उभे केले असते.

अमेरिकेत माझा एक भाचा आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, इथे १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या प्रत्येक होडीच्या मागच्या फळीवर बारा अक्षरी नंबर असतो. त्यात साल असतं." मी म्हटले, "वा! ह्याला म्हणतात शिस्त." तो म्हणाला, "पण ते वाचायच्या पद्धती तीन आहेत. १९८४ च्या ऑगस्टआधीच्या दोन आणि नंतरची एक. जुन्यांपैकी एकीत मॉडेलचं साल ऑगस्टमध्ये सुरू होतं, म्हणून ए म्हणजे ऑगस्ट. नवीनमध्ये ए म्हणजे जानेवारी." म्हणजे त्या जुन्या पद्धतीत ऑगस्ट १९७८ मध्ये जन्मलेली होडी कागदावर १९७९ ची. आमच्याकडे शाळेत घालताना मुलाचे वय बदलायचे, त्यांच्याकडे होडीचे बदलतात. फोन ठेवताना मला मायदेशाबद्दल थोडा अभिमानच वाटला.

कारण आपल्या रेल्वेकडे पाहा. डब्यावर जो मोठा क्रमांक रंगवलेला असतो, त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा बांधल्याचे साल. प्लॅटफॉर्मवर उभा असलेला कोणीही पोरगा ते वाचू शकतो. म्हणजे त्या दिवशी पाण्यात अडकलेली गाडी आपले वय डब्याडब्यावर मिरवत उभी होती, आणि आमच्या दारात आजींना न्यायला आलेली मोटार आपले वय पोटात लपवून होती. संकेत असायला माझी ना नाही. सिलिंडरवरचा ए-बी-सी-डी हासुद्धा संकेतच आहे. पण त्याची किल्ली गिऱ्हाइकाला सांगितलेली असते. ज्या संकेताची किल्ली फक्त विकणाऱ्याकडे, तो संकेत नव्हे, तो कट आहे.

ह्यावर समितीतल्या एका सभासदांनी आक्षेप घेतला. ते वकील नाहीत, पण बोलतात तसे. म्हणाले, "नाना, वय काय बघता, प्रकृती बघा! जुनं ते सोनं. साल छापलं तर चांगली जुनी यंत्रं कोणी घेणार नाही, सगळी भंगारात जातील."

मुद्दा खोटा नाही. आमची मोटार तीस वर्षांची होऊनही दुसऱ्या झटक्याला सुरू झाली होती. ती करणाऱ्यांना माझा नमस्कार आहे. ओले इव्हिनरूड ह्या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाची गोष्ट सांगतात, की वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणायला तो होडी वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळले. त्या चिडीतून त्याने मोटारीचा ध्यास घेतला आणि १९०९ मध्ये मिलवॉकी गावी त्या विकायला सुरुवात केली. आइस्क्रीम वितळू नये म्हणून निघालेले यंत्र पुढे पुरातल्या आजींपर्यंत पोचले, ही काय लहान गोष्ट आहे? पण त्या नावाच्या मोटारी करणेही २०२० मध्ये बंद झाले. म्हणजे आता त्यांचे भाग शोधायचे ते सालाच्या आधारानेच. जुन्याची खरी कदर करायची तर आधी ते किती जुने आहे हे कळायला हवे. आजोबांची काळजी त्यांना पंचविशीतले समजून घेता येत नाही. वय लपवल्याने जुने यंत्र वाचत नाही, त्याला चुकीची चक्री मिळते.

इथे आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारले, "आणि तुमच्या पाटीची रिबिटं कुणी उपटली? परवा कलप लावून कुणाच्या लग्नाला गेला होतात?" मी उत्तर दिले नाही. माझ्या भरवशावर कोणी पुरात उतरत नाही, एवढे मात्र मनात म्हटले.

राहिली होडी. ती किती सालची? मागच्या फळीवर नंबर नव्हता, नाव नव्हते. होते ते तीन रंग, एकावर एक. मिस्त्रींनी होडी उपडी न करता सरळ आत शिरून बसायच्या फळीखाली हात घातला, आणि आंधळ्यासारखे चाचपत राहिले. मग म्हणाले, "बॅटरी द्या." मी आडवा होऊन खाली पाहिले. फायबर ओले असताना कोणीतरी त्यात बोटाने लिहिले होते : 'श्री एकवीरा प्रसन्न. १९९६'.

मी बराच वेळ तसाच आडवा राहिलो. कारखाना नाही, संकेत नाही, बारा अक्षरे नाहीत. कुठल्याशा किनाऱ्यावर होडी बांधणाऱ्या माणसाने काम पुरे करताना देवीचे नाव घेतले आणि खाली साल टाकले. आमच्या आत्याने वाटीवर टाकले तसे. करणाऱ्याला आपल्या कामाची लाज नसते, म्हणून तो साल लिहितो. लाज असते ती विकणाऱ्याला. त्या जुळ्या बहिणींमध्ये सात वर्षांचे अंतर निघाले, आणि दोघींपैकी एकीनेही ते आपणहून लपवले नव्हते.

एकोणनव्वदची चक्री मागवली. पहिल्याच दिवशी बसली. धार पडू लागली तेव्हा भाऊंच्या आई काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

म्हणून माझे मागणे आहे, आणि ते सोपे आहे. पाण्यावर माणसे नेणाऱ्या प्रत्येक मोटारीवर तिचे साल सरळ आकड्यांत असावे, आणि ते पत्र्यावर नव्हे, उपटता येणार नाही अशा जागी असावे. जुनी विकणाऱ्याने ते बिलावर लिहून सही करावी. 'रंग बघा ना' हे साल नव्हे. आणि ज्या ज्या सोसायटीकडे, ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे पुरासाठी होडी ठेवलेली असेल, तिने होडीच्या अंगावर दोन ओळी रंगवाव्यात : मोटारीचे साल, आणि ती शेवटची कधी चालवून पाहिली ती तारीख. दुसरी ओळ लिहायची म्हटल्यावर निदान वर्षातून एकदा कोणीतरी दोरी ओढील. पुरात मोटारीला तिचे वय विचारायला वेळ नसतो. ते जूनच्या आधी विचारायचे असते.

उपदेश करायचा तर आधी आपल्या घरापासून, म्हणून मी भांड्यांवर नावे घालणाऱ्याला सोसायटीत बोलावले. तो आपली घरघरणारी लेखणी घेऊन आला. वाट्या, तांबे, फार तर पातेले, ह्यापलीकडे त्याने काही कोरले नव्हते. त्याने मोटारीकडे पाहिले, होडीकडे पाहिले, मग मजकूर लिहिलेला माझा कागद वाचला : 'मोटार १९८९, होडी १९९६, पंपाची चक्री २०१९'.

लेखणी टेकवण्याआधी त्याने अदबीने विचारले, "तारखा कळल्या, काका. पण लग्न कुणाचं लिहू?"